शनिवार-रविवारची कॅमेरो

मध्यम आकाराच्या दोन दारी गाडीत मोठ्या गाडीचे व्ही-८ इंजिन बसवायचे आणि ती तरुण नोकरदाराला परवडेल अशा किमतीत विकायची, ही चाल अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या मध्यात रुळली. १९६४ सालची पाँटियाक जीटीओ ही या मसल कारांपैकी पहिली मानली जाते. त्याच वर्षी १७ एप्रिलला फोर्डने मस्टँग आणली आणि तिला तोड म्हणून शेव्हरलेने २९ सप्टेंबर १९६६ रोजी कॅमेरो विक्रीस काढली. वर्गवारीत काटेकोर असणारे लोक लहान आकारामुळे या दोघींना वेगळ्या गटात ठेवतात. मात्र ३५० किंवा ३९६ घनइंची इंजिन असलेली कॅमेरो रस्त्यावर जशी उसळते, ते पाहता तिला मसल कार न म्हणणे अन्यायाचे होईल. १९६७, १९६८ आणि १९६९ या तीन मॉडेल-वर्षांत मिळून जवळपास सात लाख गाड्या तयार झाल्या. ओहायोतले नॉरवुड आणि कॅलिफोर्नियातले व्हॅन नाइस हे त्यांचे दोन कारखाने.

इतकी मोठी संख्या हे तिच्या दीर्घायुष्याचे एक कारण. दुसरे तिच्या बांधणीत आहे. शेव्हरलेचे 'स्मॉल ब्लॉक' व्ही-८ इंजिन एड कोल यांच्या देखरेखीखाली तयार होऊन १९५५ मध्ये २६५ घनइंच मापात आले. पुढे तेच वाढत वाढत ३५० घनइंचांपर्यंत, म्हणजे ५.७ लिटरपर्यंत गेले, आणि हे ३५० चे इंजिन प्रथम १९६७ च्या कॅमेरोतच बसले. मूळ आराखडा अनेक दशके फारसा न बदलल्यामुळे एका वर्षाचे हेड दुसऱ्या वर्षाच्या ब्लॉकवर बहुतेक वेळा सरळ बसते. बॉनेट उघडले की आत दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी जागा आहे. संगणक नाही, सेन्सर नाहीत. जे बिघडते ते डोळ्यांना दिसते, कानाला ऐकू येते किंवा नाकाला कळते. आठवड्याचे पाच दिवस दुसरी नोकरी करणारा माणूस घरच्या गॅरेजमध्ये, साध्या पान्यांच्या संचावर ही गाडी चालती ठेवू शकतो, तो यामुळेच.

सुटीच्या दिवसांच्या या कामाला स्वतःची शिस्त आहे. गंजलेल्या नट-बोल्टांवर शुक्रवारी संध्याकाळीच तेल सोडून ठेवतात, म्हणजे रात्रभरात ते आट्यांत मुरते. उघडायचे ते शनिवारी सकाळी उघडतात, कारण काय तुटले आहे हे कळल्यावर सुटे भाग आणायला आणि ड्रमला लेथवर कात मारून घ्यायला दिवस हाताशी राहतो. रविवारी दुपारपर्यंत जोडणी आणि ऊन असतानाच चाचणीची फेरी. एका वेळी एकच काम हाती घ्यावे, हा नियम सर्वांत मोलाचा. ब्रेक, कार्बोरेटर आणि वायरिंग एकदम उघडून बसलेल्या गाड्या वर्षानुवर्षे ठोकळ्यांवर पडून राहतात आणि शेवटी खोक्यांत भरलेल्या भागांसकट विकल्या जातात.

कामांचा क्रमही ठरलेला असावा: आधी गाडी थांबली पाहिजे, मग नीट पेटली पाहिजे, आणि ताकद वाढवण्याचा विचार त्यानंतर. बाजारातली जाहिरात नेमका उलटा क्रम सुचवते, म्हणून हे ठासून सांगावे लागते. १९६७ च्या साध्या कॅमेरोला चारही चाकांना साडेनऊ इंची ड्रम ब्रेक होते. पुढचे डिस्क ब्रेक जादा पैसे मोजून मिळत. सुस्थितीतले ड्रम पहिल्या एक-दोन वेळा जोरात थांबवतात, पण घाटातल्या लांब उतारावर तापले की त्यांची पकड सुटत जाते. जमेची बाजू म्हणजे १९६७ पासून मास्टर सिलिंडर दोन कप्प्यांचा झाला, त्यामुळे एका बाजूची नळी फुटली तरी दुसरी बाजू काम करते.

ड्रम उघडण्याआधी गाडी जॅकवर उचलून पोलादी स्टँडवर टेकवतात. नुसत्या जॅकखाली किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांवर टेकवलेल्या गाडीखाली कोणी जाऊ नये. असा ठोकळा इशारा न देता भुगा होतो. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून आतली धूळ हवेच्या झोताने उडवायची नाही. क्लीनरने भिजवून पुसून काढायची. दोन्ही बाजूंचे ड्रम एकदम न उघडता एक बाजू पूर्ण करून मगच दुसरीकडे जातात, कारण स्प्रिंगांच्या त्या जंजाळात कोणती कुठे होती हे दाखवायला दुसरी बाजू शाबूत राहते. दोन शूजपैकी आखूड लायनरचा शू गाडीच्या पुढच्या बाजूला आणि लांब लायनरचा मागच्या बाजूला येतो. हे उलटे बसले तरी ब्रेक लागतात, पण जोर कमी पडतो आणि दोष महिनोन्‌महिने सापडत नाही. समायोजनाचे दातेरी चाकही डाव्या-उजव्या बाजूचे वेगळे असते. अदलाबदल झाली तर शू ड्रमजवळ येण्याऐवजी दर खेपेला दूर जातो. शेवटी ब्रेकची हवा काढायची ती मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या उजव्या चाकापासून. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल सैल करून पुन्हा आवळायचा, आणि तो आवळला गेल्याशिवाय पहिल्याने पाय उचलायचा नाही. ब्रेक ऑइलचा थेंब रंगावर पडला तर रंग सुटतो. जवळ पाण्याची बादली हवीच.

सुधारणांपैकी सर्वांत शहाणी सुधारणा म्हणजे पुढे डिस्क ब्रेक बसवणे. यासाठी तयार किट मिळतात, परंतु नुसती डिस्क आणि कॅलिपर बदलून भागत नाही. ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतात आणि तापतात. मागच्या ड्रमकडे जाणारा दाब रोखणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह नसेल, तर जोरात ब्रेक मारताना मागची चाके आधी जाम होऊन गाडी गरकन फिरते. काही किटमध्ये मूळचे १४ इंची चाक कॅलिपरला अडते, म्हणजे चाके-टायरही आले. ब्रेक जोडून झाल्यावरची पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर आणि हळू वेगातच हवी.

ठिणगीच्या बाजूला मूळ व्यवस्था काँटॅक्ट पॉइंटची. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीवर हात बसलेल्या मुंबईच्या जुन्या मिस्त्रीला कॅमेरोचा डिस्ट्रिब्युटर उघडून दिला तर काहीही समजावून सांगावे लागणार नाही. फक्त चारऐवजी आठ वायरी मोजाव्या लागतील. जनरल मोटर्सने मात्र एक सुरेख सोय केली होती. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला एक लहानशी सरकती पत्र्याची खिडकी आहे. इंजिन चालू असतानाच ती वर सरकवून आत षट्कोनी किल्ली घालता येते. स्क्रू घड्याळाच्या दिशेने हळूहळू फिरवत नेला की एका क्षणी इंजिन अडखळू लागते. तिथून अर्धा वेढा उलट फिरवायचा, की पॉइंटचे अंतर जवळपास बिनचूक बसते. ड्वेल मीटर लावला तर काटा ३० अंशांच्या आसपास येतो. टायमिंगची तपासणी त्यानंतरच करायची, कारण पॉइंटचे अंतर हलले की टायमिंगही हलते.

डिस्ट्रिब्युटर काढून परत बसवताना नेहमीची गफलत होते ती पहिल्या सिलिंडरची. पिस्टन दर चक्रात दोनदा वर येतो, आणि त्यातली एकच खेप दाबाची असते. पहिला प्लग काढून भोकावर अंगठा धरावा आणि क्रँक हाताने फिरवावा. हवा अंगठ्याला ढकलू लागली की ती खेप खरी. मग खालच्या पुलीवरची खूण शून्याला आणून रोटर पहिल्या वायरीकडे रोखायचा. आठ सिलिंडर १-८-४-३-६-५-७-२ या क्रमाने पेटतात. यात पाचवा आणि सातवा पाठोपाठ येतात आणि ब्लॉकमध्येही शेजारी आहेत. त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून समांतर नेल्या तर पाचव्याची ठिणगी सातव्यात अवेळी उतरू शकते, म्हणून त्या दोघींमध्ये अंतर ठेवतात. पॉइंटचा कंटाळा आला की इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवतात. १९७५ पासून जनरल मोटर्सने स्वतःच्या गाड्यांत सरसकट दिलेली एचईआय पद्धत जुन्या इंजिनातही बसते. तिला पूर्ण १२ व्होल्ट लागतात. मूळ वायरिंगमध्ये कॉइलकडे जाणारी तार विद्युतरोधाची असते, ती वगळून नवी तार ओढली नाही, तर नवी वस्तू जुनीपेक्षा वाईट चालते.

नवा भाग विकत घेण्यापूर्वी व्हॅक्यूम गेज लावून पाहण्याइतका स्वस्त आणि बोलका उपाय नाही. निरोगी मूळ इंजिनात, गाडी उभी असताना काटा १७ ते २१ इंचांमध्ये स्थिर राहतो. तो स्थिर पण खाली असेल तर टायमिंग मागे पडले असावे किंवा कुठेतरी हवा ओढली जात असावी; ठरावीक लयीत झटका देऊन खाली येत असेल तर एखादा व्हॉल्व्ह जळलेला असण्याचा संभव मोठा. कार्बोरेटरला दोष देऊन तो उगाच खोलणाऱ्यांचे कित्येक रविवार या एका काट्याने वाचवले आहेत.

कार्बोरेटर खरोखर खोलायची वेळ येते तेव्हा ३५० च्या इंजिनावर बहुधा रॉचेस्टर क्वाड्राजेट भेटतो. त्याची पुढची दोन तोंडे लहान, मागची दोन खूप मोठी. सावकाश चालवताना पेट्रोल बेताने लागते आणि पाय पूर्ण दाबला की मागची तोंडे उघडून इंजिन गर्जते. त्याची दोन दुखणी प्रसिद्ध आहेत. तळाची बुचे झिरपतात आणि उभ्या गाडीतले पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये उतरते. बुचांवर इपॉक्सी लावून ती बंद करता येतात. दुसरे, आतला फ्लोट वर्षांगणिक पेट्रोल पिऊन जड होतो, मग कार्बोरेटर भरून वाहू लागतो. आजच्या पेट्रोलमधले इथेनॉल जुन्या रबरी नळ्यांना मऊ करते, तेव्हा त्या त्याच दिवशी बदलाव्यात. तापलेल्या इंजिनावर ठिबकणारे पेट्रोल हा या छंदातला सर्वांत खरा धोका आहे, आणि विझवणी सिलिंडर हाताशी ठेवणे त्यातली पहिली खरेदी असायला हवी.

इंधन आणि तेल दोन्ही या गाड्यांच्या काळापासून बदलले. शिसेयुक्त पेट्रोल अमेरिकेतल्या रस्त्यावरच्या वाहनांसाठी १९९६ पासून पूर्ण बंद झाले. शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीवर संरक्षक थर देत असे. जोरात चालवल्या जाणाऱ्या गाडीत आता ती बैठक झिजते, म्हणून हेड उतरलेच असेल तर कडक पोलादाच्या बैठका बसवून घेतात. इंजिन ऑइलमधले जस्त-फॉस्फरसचे मिश्रणही कमी झाले, कारण फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो. पण सपाट टॅपेटच्या कॅमशाफ्टला तेच वाचवते. नवा कॅम घातल्यावर इंजिन पहिल्यांदा सुरू होताच सुमारे वीस मिनिटे २,००० ते २,५०० फेऱ्यांवर ठेवावे लागते. ते न करता मंद चालू ठेवले, तर कॅमची उंची पहिल्याच तासात घासली जाऊन धातूचा चुरा तेलात फिरू शकतो.

कॅम बदलणे हा ताकद वाढवण्याचा आवडता मार्ग, आणि एक बदल पुढच्या चार बदलांना कसा ओढून आणतो याचे उत्तम उदाहरणही. मोठ्या कॅमने वरच्या फेऱ्यांत जोर येतो, पण मंद चालीत व्हॅक्यूम घटतो. व्हॅक्यूमवर चालणारे पॉवर ब्रेक जड होतात. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बदलाव्या लागतात. ऑटोमॅटिक गाडीला जास्त फेऱ्यांवर पकडणारा टॉर्क कन्व्हर्टर लागतो, मागच्या एक्सलचे गुणोत्तरही वाढवावे लागते. घरगुती वापराच्या गाडीला मध्यम कॅम, अ‍ॅल्युमिनियमचा इनटेक मॅनिफोल्ड आणि नीट जुळवलेला कार्बोरेटर पुरतो. १९६७ च्या ३५० चे २९५ हॉर्सपॉवर हे फॅन, एक्झॉस्ट वगैरे ओझी न लावता मोजलेले ढोबळ माप होते. १९७२ पासून उद्योगाने निव्वळ माप स्वीकारले. त्यामुळे जुन्या आकड्याशी आजच्या गाडीची तुलना केली तर फसगत होते. वाढलेला जोर मागच्या चाकांपर्यंत पोचतो का, हेही पाहावे लागते: १९६७ च्या कॅमेरोला मागे एकाच पानाचा पाटा होता आणि जोरात सुटताना चाके आपटत उडत. कारखान्याने पुढच्याच वर्षी ताकदवान मॉडेलांना अनेक पानांचे पाटे दिले. जुन्या गाडीतही ते बसतात.

लांबच्या प्रवासासाठी खरा फरक गिअरबॉक्स पाडतो. मूळ चार गिअरांच्या मन्सी गिअरबॉक्समध्ये वरचा गिअर सरळ १:१ चा. मागे ३.७३ चे गुणोत्तर आणि २६ इंच व्यासाचे टायर असतील, तर ताशी ६० मैल म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर वेगाला इंजिन जवळपास २,९०० फेऱ्या घेते. ०.७० चा ओव्हरड्राइव्ह मिळाला की त्या सुमारे २,००० वर येतात. आवाज, तापमान, पेट्रोल सगळेच उतरते. १९८२ मध्ये आलेला ७००आर४ हा ऑटोमॅटिक बॉक्स यासाठी लोकप्रिय आहे. त्याला कार्बोरेटरपासून येणारी एक केबल असते, तिची लांबी चुकली तर आतल्या क्लच प्लेटा लवकर जळतात. हे काम एका सुटीत होत नाही आणि एकट्यानेही करू नये.

पत्र्याचे काम सर्वांत शेवटी सांगायचे, पण गाडी विकत घेताना सर्वांत आधी तपासायचे. वायपरच्या जाळीखालच्या पोकळीत पाने आणि पाणी साचते आणि पत्रा आतून कुजतो. काचेच्या पायथ्याशी पाण्याची नळी सोडून आत पाय ठेवण्याच्या जागी हात लावला की सत्य कळते. मागच्या काचेची कड, डिकीचा तळ, मागच्या चाकांपाठचा पत्रा या आणखी काही जागा. लोहचुंबक जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी भरली आहे. तळ कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या सळया वेल्ड करतात, नाहीतर सांगाडा बसतो आणि दारे पुन्हा लागत नाहीत. पुढचा सबफ्रेम रबरी बुशांवर बोल्टने जोडलेला आहे. बुश गेले की दारांच्या फटी आणि स्टिअरिंग दोन्ही बिघडते, आणि ते बदलणे सुटीच्या दोन दिवसांत बसते. तीनही वर्षांच्या मॉडेलचा पत्रा नव्याने बनवून मिळतो, डायनाकॉर्न तर अख्खे सांगाडे विकते. मात्र जुन्या गाडीची चासी क्रमांकाची पट्टी काढून दुसऱ्या सांगाड्याला लावणे हा अमेरिकेत गुन्हा आहे.

ब्लॉकच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यावर कारखान्याने ठोकलेली अक्षरे आणि आकडे हे इंजिन याच गाडीचे असल्याचा पुरावा असतो. ब्लॉक घासून सपाट करताना ते कायमचे पुसले जाऊ शकतात, म्हणून मशीन शॉपला तेवढा भाग सोडायला आधीच लेखी सांगतात. १९६७ मध्ये 'झेड/२८' प्रकारच्या फक्त ६०२ कॅमेरो तयार झाल्या. तशा दुर्मीळ गाडीत बदल करू नये आणि दुरुस्ती मूळ भागांनीच करावी. साध्या गाडीच्या मालकाला मोकळीक जास्त आहे. तोही काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, गाडीतली जागा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधून, कोरड्या जागी ठेवतो. छिद्र पाडून किंवा कापून केलेला बदल तो टाळतो आणि बोल्टने बसणारा पत्करतो, म्हणजे पुढचा मालक एखाद्या सुटीत तो परत काढू शकतो.