काठी, गळ आणि स्प्रिंग : वेड्यावाकड्या शंखांची गोष्ट

मंडळी, देवघरातला शाळीग्राम आठवा. नेपाळमधल्या काली गंडकीच्या पात्रात मिळणारा. आतलं ते चक्र म्हणजे अमोनाइटच्या शंखाचा ठसा. अमोनाइट हा माकूळ आणि ऑक्टोपसचा समुद्रात राहणारा नातेवाईक. तो राहायचा शंखाच्या तोंडाशी. मागच्या बंद कप्प्यांत हवा असायची, त्यामुळे शंख पाण्यात तरंगायचा.

आता उत्तर अमेरिकेत जाऊ. साधारण 10 कोटी ते 7 कोटी वर्षांपूर्वी तिथे मेक्सिकोच्या आखातापासून आर्क्टिकपर्यंत समुद्र पसरला होता आणि खंडाचे दोन तुकडे झाले होते. त्याच्या तळाचा गाळ आज साउथ डाकोटासारख्या राज्यांत ‘पिअर शेल’ या काळपट खडकाच्या रूपात दिसतो. त्यात सापडणारे अमोनाइट मात्र चक्राकार असतीलच असं नाही. बॅक्युलाइटीस काठीसारखा सरळ, काही तर मीटरभराहून लांब. स्कॅफाइटीस आधी गुंडाळलेला, शेवटी गळासारखा वळलेला. आणि डिडिमोसेरस म्हणजे चक्क सैल पडलेली स्प्रिंग!

हे पाहून पूर्वीचे अभ्यासक म्हणाले, ही म्हातारपणाची लक्षणं. वंश थकला, गुंडाळी सुटली, आता शेवट जवळ आला.

पटतं ना ऐकायला? पण खडक काय सांगतात बघा. असे शंख ट्रायासिक काळातही होते, म्हणजे अमोनाइट संपण्याच्या 13 कोटींहून जास्त वर्षं आधी. शिवाय काही सुटलेल्या वंशांतल्या पुढच्या पिढ्या पुन्हा गुंडाळल्या गेल्या. थकलेला वंश असा मागे फिरेल का? आणि बॅक्युलाइटीस तर 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशापर्यंत टिकून होता. त्या संकटात गुंडाळलेले अमोनाइटही गेलेच की!

उलट हे शंख आपल्याला घड्याळासारखे उपयोगी पडतात. त्यांच्या जाती भराभर बदलत गेल्या. त्यामुळे कोणती जात सापडली यावरून थराचं वय कळतं. अधूनमधून असलेल्या ज्वालामुखीच्या राखेच्या थरांमुळे ते वर्षांत मोजता येतं. विल्यम कोबन या भूशास्त्रज्ञाने आयुष्यभर खपून हा क्रम लावला.

थोडक्यात काय, तर आपल्याला शेवट माहीत असतो, म्हणून आधीच्या प्रत्येक गोष्टीत आपण त्याची चाहूल शोधतो. त्या समुद्रातल्या डिडिमोसेरसला मात्र आपण विचित्र आहोत हे ठाऊकच नव्हतं. तो मजेत जगत होता.