आजीची मशीन कोणत्या सालची?

आमच्या घरी माळ्यावर एक शिवायची मशीन होती. हाताने फिरवायची, लाकडी पाटावर बसवलेली. तिच्या अंगावर रिकामी पोती टाकलेली असत. आजोबा वारले तेव्हा माझे बाबा दुसरीत होते. मग आजीने त्याच मशीनवर लोकांच्या चोळ्या, परकर, झबली शिवून घर चालवले. पण पाच वर्षांपासून मशीन अडकली होती. चाक जागचे हलत नव्हते.

उन्हाळ्यात दारावर भंगारवाला आला. काका म्हणाले, "आई, हे निरं लोखंड आहे. किलोनं जाते, देऊन टाकू." आजी म्हणाली, "माही मशीन भंगारात नाही जाणार. मी मेल्यावर काय करायचं ते करजा." मग ती दिवसभर जेवली नाही. शेवटी ठरले की पोळ्यापर्यंत मशीन चालली तर ठेवायची, नाही तर द्यायची.

बाबा आणि मी ती पोत्यात बांधून एस.टी.ने शेगावला घेऊन गेलो. फारच जड! तिथे मशिनी दुरुस्त करणारे एक म्हातारे कारागीर आहेत. त्यांनी चाकाजवळ बोट फिरवले, वास घेतला आणि मला विचारले, "पोरी, कोणतं तेल टाकलं व हिच्यात?" मी खरे सांगितले. आईने घरातले खायचे तेल टाकले होते. त्यांनी कपाळावर हात मारला.

खायचे तेल टाकले की मशीन दोन दिवस मऊ चालते. पण हवा लागून ते तेल हळूहळू सुकते आणि डिंकासारखे चिकट होते. तुमच्या घरी तेलाच्या बरणीची कड पाहा, बोट चिकटते की नाही? मशीनच्या आत तसेच होते. मशीनचे तेल पातळ असते, ते असे सुकत नाही. कारागिरांनी भोकाभोकांत रॉकेल सोडले, रात्रभर ठेवायला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी चाक थोडे इकडे, थोडे तिकडे करायला लावले. जोर करायचा नाही. जोर केला की मोडते. तीन दिवसांनी चाक कुरकुर करत फिरले. आजीला वाटले मांजर ओरडले.

मग मी पुसायला बसले. काळा मळ गेला तसे खाली सोनेरी चित्र दिसले. माणसाचे तोंड आणि सिंहाचे अंग. मी ओरडले, "आजी, नरसिंह!" पण नरसिंहाचे तर तोंड सिंहाचे असते आणि अंग माणसाचे. गुरुजींनी सांगितले की हा स्फिंक्स आहे. इजिप्त देशात पिरॅमिडजवळ त्याची दगडाची फार मोठी मूर्ती आहे. ज्यांच्या घरी अशी चित्रे असतील त्यांनी ती स्पिरिटने पुसू नयेत. वरचा पातळ थर विरघळतो आणि चित्र निघून जाते. मऊ फडक्यावर मशीनचे तेल घेऊन पुसावे.

मशीनवर सिंगर हे नाव होते. आयझॅक सिंगर यांनी अमेरिकेत १८५१ साली शिवणयंत्राचे पेटंट घेतले. पण आमची मशीन अमेरिकेची नाही. ते कसे कळले? उजव्या बाजूला, खांबाच्या पायाशी, एक नंबर ठोकलेला असतो. त्यावर खडूची पूड चोळली की आकडे उठून दिसतात. आमच्या नंबरच्या आधी इंग्रजी एफ अक्षर निघाले. गुरुजींनी मोबाइलवर सिंगरच्या नंबरांची यादी पाहिली. एफ अक्षर स्कॉटलंड देशातल्या क्लाइडबँक गावच्या कारखान्याचे, साधारण १९१० ते १९२१ या काळातले. तो कारखाना १९८० साली बंद झाला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचे नाव अजून सिंगरच आहे.

आमचा आकडा लहान, म्हणजे मशीन सुरुवातीच्या वर्षांतली. श्री गजानन महाराजांनी शेगावला १९१० साली समाधी घेतली, जवळजवळ त्याच वेळची! आजी म्हणे, "मले तं वाटलं गांधीबाबाच्या वेळची असन." तेही खोटे नाही. गांधीजी यंत्रांविरुद्ध बोलत, पण १९२४ साली त्यांनी सांगितले होते की सिंगरचे शिवणयंत्र मात्र चालेल, ते उपयोगाचे आहे.

आता मॉडेल कोणते ते पाहू. शेजारच्या काकूंची मशीन उषाची आहे. तिची बॉबिन गोल, नाण्यासारखी. आमच्या मशीनला सुईखाली दोन चकचकीत पट्ट्या आहेत. त्या सरकवल्या की आत लांब जागा दिसते, पण ती जागा रिकामी! कारागीर म्हणाले, "हिची शटल होडीसारखी लांब असते. ती नसली तं ही मशीन काहीच नाही. बाजारात लवकर भेटत नाही."

माझे तोंड एवढेसे झाले. कारण ती होडी मी पाहिली होती. पहिलीत असताना मी आजीच्या बटणांच्या डब्यातून एक लोखंडी होडी घेऊन पावसात नालीत सोडली होती. ती बुडाली. रागावतील म्हणून मी कोणाला सांगितले नव्हते. आता सांगितले. बाबा काही बोलले नाहीत, तेच जास्त वाईट वाटले. आजी मात्र म्हणाली, "एक बुडाली न व? मी दोन ठेवल्या होत्या." दुसरी तिच्या पेटीत, जुन्या चोळीत गुंडाळलेली निघाली. आत बारीक लांब बॉबिनही होती.

लांब शटल, दोन सरकत्या पट्ट्या, साडेचौदा इंच लांबीचा लोखंडी तळ आणि बॉबिन भरायची चकती खाली खांबाजवळ. यावरून ती सत्तावीस के ठरली. के म्हणजे किलबोवी, कारखान्याच्या जागेचे नाव.

टाका कसा पडतो हेही मी पाहिले. हाताच्या सुईला नाक वरच्या टोकाला असते, मशीनच्या सुईला खालच्या टोकाला. सुई कापडातून खाली जाते आणि जराशी वर येते, तेव्हा दोऱ्याचा फासा होतो. त्या फाशातून होडी आपला दोरा घेऊन पलीकडे जाते. सुई वर गेली की दोन्ही दोरे कापडाच्या आत एकमेकांत अडकतात. वर लाल आणि खाली पांढरा दोरा घालून हळूहळू फिरवा, सगळे दिसते. आमच्या कापडावर पांढरे ठिपके वर येत होते. वरचा दोरा फार ताणलेला होता, चकतीचा स्क्रू थोडा सैल केला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आजीने मातीच्या बैलांसाठी झुली शिवल्या. चाक मी फिरवले. पहिल्या झुलीची शिवण वाकडी आहे, दुसरीची सरळ. काकांनी दोन्ही पाहिल्या आणि न बोलता मशीनसाठी खिडकीजवळ पाट मांडला. आता आई तिच्यावर शिवायला शिकते आहे.

तुमच्या घरी जुनी मशीन असेल तर तिचा नंबर अक्षरासकट कागदावर लिहून आणा. भंगारवाला येण्याआधी आणा. आणि बटणांचा डबा एकदा उलटा करून पाहा.