इंग्रजी ‘ऐकू येत नाही’ तेव्हा

“सर, माझ्या कानांची तपासणी लिहून द्या.”

बाह्यरुग्ण विभाग आटोपत आला होता, तेव्हा एक स्टाफ नर्स समोर येऊन बसल्या. तिशीच्या आतल्या, लातूर जिल्ह्यातल्या खेड्यात मराठी माध्यमातून शिकलेल्या, नोकरीला नांदेडमध्ये. ब्रिटनला जाण्यासाठी त्यांनी ‘ओईटी’ ही आरोग्य कर्मचाऱ्यांची इंग्रजी परीक्षा दोनदा दिली होती. वाचनात, लेखनात पास; ऐकण्यात आणि बोलण्यात दोन्ही वेळा कमी. फीसाठी घरच्यांनी उसनवारी केलेली. झोप उडालेली, छातीत धडधड, आवाज बसलेला. “समोरचा बोलतो, पण मधले शब्द गळूनच जातात. कानात दोष असेल का?”

कानात मळ असू शकतो, पडद्यामागे पाणी साचलेलं असू शकतं, म्हणून कान-नाक-घसा विभागात तपासणी करून घेतली. श्रवणाचा आलेख दोन्ही कानांत २० डेसिबलच्या आत, म्हणजे अगदी व्यवस्थित. “सिस्टर, कान उत्तम आहेत. सराव मेंदूचा राहिलाय,” मी म्हणालो.

कान फक्त आवाज पोचवतो. त्या आवाजाचे तुकडे पाडून शब्द ओळखण्याचं काम मेंदू करतो आणि ते तो सवयीने करतो. पुण्या-मुंबईकडचे इंटर्न आमच्या वॉर्डात येतात, तेव्हा पहिला आठवडा त्यांचीही अशीच गत होते. मुखेडची आजी सांगते, “पोट दुखायलंय, रातीपासून मळमळायलंय.” हे पोरगं माझ्या तोंडाकडे बघतं. देगलूर-बिलोलीच्या रुग्णाच्या मराठीत तेलुगूची लय, उदगीरकडच्या बोलण्यात कानडीची, शहरातल्या मोहल्ल्यात दखनी उर्दू, तांड्यावरच्या बाईची गोरमाटी. तीन-चार आठवड्यांत मात्र त्याला बरंचसं कळू लागतं. कोणी शिकवणी घेत नाही. तेच दुखणं, तेच शब्द वेगवेगळ्या तोंडून ऐकत गेल्याने मेंदूची जुळणी होते.

या जुळणीची सुरुवात पाळण्यातच होते. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातील संशोधकांचा १९८४चा अभ्यास प्रसिद्ध आहे. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक ओळखत होती. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो ओळखता येईनासा झाला. घरात लागत नाही तो फरक मेंदू बाजूला टाकतो. आपल्याला ‘त’ आणि ‘ट’ सहज वेगळे वाटतात. पण इंग्रजीत ओठ-दात लावून म्हणायचा आणि ओठांचा चंबू करून म्हणायचा असे जे दोन ‘व’ आहेत, ते आपण एकाच ‘व’मध्ये बसवतो.

मोठेपणी हे दार पूर्ण बंद होत नाही. जपानी माणसांना इंग्रजीतील ‘र’ आणि ‘ल’ वेगळे ऐकू येणं अवघड जातं. अमेरिकेच्या इंडियाना विद्यापीठात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना त्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. अनेक जणांच्या आवाजात सराव केलेल्यांना नवख्या माणसाचं बोलणंही ओळखता येऊ लागलं. एकाच आवाजावर सराव केलेल्यांची प्रगती त्या आवाजापुरतीच राहिली. आमच्या सिस्टर दोन वर्षं एकाच क्लासच्या एकाच सरांचं इंग्रजी ऐकत होत्या!

दुसरी अडचण जोडून बोलण्याची. आपण शब्द वाचून शिकतो, म्हणून ते सुटे ऐकू येतील अशी अपेक्षा ठेवतो. प्रत्यक्षात ‘टर्न इट ऑफ’ हे ‘टर्निटॉफ’ असं कानावर येतं आणि ‘आय कॅन कम’मधला ‘कॅन’ आखडून ‘कन’ होतो. ‘दुखत आहे’चं ‘दुखायलंय’ होतं, त्यातलाच हा प्रकार.

सराव कसा करावा?

ओईटीच्या श्रवण विभागात ४२ प्रश्न असतात, आयईएलटीएसमध्ये ४०. दोन्हीकडे ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात. त्यासाठी घरी असं करा. एक-दोन मिनिटांचा तुकडा घ्या, ज्याचं लिखित रूप उपलब्ध आहे. आधी न बघता ऐका आणि ऐकलं ते लिहा. मग मूळ मजकुराशी ताडून सुटलेल्या शब्दांखाली रेघ मारा. आता मजकूर बघत पुन्हा ऐका. शेवटी त्या आवाजाच्या मागोमाग, त्याच चालीत मोठ्याने बोला. दुसऱ्या दिवशी तोच तुकडा न बघता ऐका. रोज अर्धा तास पुरे. पण आवाज बदलत ठेवा. इंग्लंडचा, स्कॉटलंडचा, आयर्लंडचा, ऑस्ट्रेलियाचा. बाईचा, पुरुषाचा, म्हाताऱ्याचा. प्रश्नपत्रिका सोडवा, चूक शोधा, पुन्हा सोडवा, ही रीत लातूरच्या मुलांना सांगायला नको. फक्त इथे कागदाच्या जागी आवाज आहे.

परीक्षेत ध्वनिमुद्रण सुरू होण्याआधी प्रश्न वाचायला वेळ मिळतो. रिकाम्या जागी औषध येणार, आकडा येणार की अवयव, याचा अंदाज तेव्हाच बांधा. एक उत्तर हुकलं तर सोडून द्या. त्याच्यामागे रेंगाळलात तर पुढची तीन जातात.

बोलण्याआधी विचारा

ओईटीचा जन्म १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात झाला. परदेशातून आलेल्या डॉक्टर-नर्सना तिथल्या रुग्णाशी नीट बोलता येतं का, हे पाहणं हा तिचा हेतू. म्हणून बोलण्याच्या भागात दोन नाट्यप्रसंग असतात. तयारीला तीन मिनिटं आणि संवादाला सुमारे पाच मिनिटं. समोरची व्यक्ती रुग्ण किंवा नातेवाईक बनते. उच्चार, ओघ आणि व्याकरणाबरोबरच रुग्णाच्या मनातलं जाणून घेतलं का, माहिती टप्प्याटप्प्याने दिली का, यालाही गुण असतात.

ड्युटी रूममध्ये मी रुग्ण झालो. इन्सुलिन सुरू करायचं आहे आणि सुईची भीती वाटते, असं इंग्रजीत सांगितलं. सिस्टरांनी मात्रा, वेळ, जेवण, साठवण, सगळं एका दमात म्हणून दाखवलं. माझी भीती तशीच राहिली. मग तोच प्रसंग मराठीत केला. त्या लगेच म्हणाल्या, “काका, घाबरू नका. आधी सांगा, नेमकं कशाचं भ्या वाटायलंय?” मी त्यांना तिथेच थांबवलं. गुण मिळवणारं वाक्य हेच होतं. रोज वॉर्डात ते त्यांच्या तोंडी असतं. पाठ केलेल्या इंग्रजीत मात्र त्याला जागाच उरली नव्हती.

म्हणून प्रत्येक प्रसंग आधी मराठीत करा, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि मग त्याच क्रमाने साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत बोला. विचारा, ऐका, थोडं सांगा, कळलं का ते पाहा. परदेशी उच्चारांची नक्कल करू नका. आपला उच्चार समोरच्याला विनासायास कळला की झालं.

शरीराचीही तयारी

इअरफोनचा आवाज बेताचा ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्यांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित; आवाज वाढला की हा वेळ झपाट्याने कमी होतो. घसा बसला तर पाणी प्या, आवाजाला विश्रांती द्या. कुजबुजून बोलण्याने आराम पडत नाही. तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसला असेल तर तपासून घ्या.

धडधड कमी करण्यासाठी कोणाच्या सांगण्यावरून प्रोप्रॅनोलॉल घेऊ नका. दमा असणाऱ्याला ती गोळी धोक्याची ठरू शकते. परीक्षेआधी श्वास सावकाश घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. पाच मिनिटांत नाडी उतरते. शिकलेलं पक्कं होतं ते झोपेत. केंद्र परगावी असेल तर आदल्या दिवशीच पोचा, रात्र बसमध्ये काढू नका.

चांगली नर्स परदेशी गेली की आमचा वॉर्ड उघडा पडतो, हे खरं. तरी मी त्यांना तीन महिने सराव करायला सांगितलं आणि आठवड्यातून एकदा स्वतः रुग्ण होऊन बसलो. पंधरा आणि पन्नासचे इंग्रजी शब्द आघातानेही वेगळे पडतात, हे त्यांना त्याच दरम्यान पहिल्यांदा ऐकू आलं. परवा राउंडला मी घाईत ‘फिफ्टीन मिलिग्रॅम’ म्हणालो. सिस्टरांनी पेन थांबवलं आणि विचारलं, “सर, वन-फाइव्ह ना?”

तिसऱ्या परीक्षेला अजून अठरा दिवस आहेत.