सैल सांधे आणि पेप्टाइडची सुई

अंगठा वाकवून हाताला टेकवणाऱ्या पोराचं वर्गात कौतुक होतं. पुढे काहींचे तेच सांधे ठणकू लागतात, खांदा निसटतो. अशांना हल्ली मोबाइलवर ‘बीपीसी-१५७’ची सुई सुचवली जाते.

हे १५ अमिनो आम्लांचं पेप्टाइड, जठररसातल्या प्रथिनावरून बेतलेलं. झाग्रेबच्या संशोधकांनी उंदरांचे कापलेले स्नायुबंध त्यानं लवकर जुळल्याचं दाखवलं. पण ते उंदीर जन्मतः धडधाकट होते! एहलर्स-डॅनलॉससारख्या विकारात संयोजी ऊतींची घडणच जन्मापासून कच्ची. विटाच ठिसूळ असतील तर गवंडी वाढवून काय होणार? माणसांवरच्या चाचण्या तर अगदीच तुटपुंज्या. खेळाडूंना २०२२पासून ते वर्ज्यच आहे. ‘फक्त संशोधनासाठी’ असं छापलेली कुपी दंडात टोचून घेणं मला तरी धाडसाचं वाटतं.

त्याआधी नांदेडला विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अस्थिरोग विभागात दाखवावं. सांधे किती सैल ते मोजणाऱ्या बायटन चाचणीला सुई लागत नाही, पैकीच्या पैकी गुण ९. पन्नाशीच्या आतल्या प्रौढाला ५ मिळाले तर सांधे सैल समजतात. मग फिजिओथेरपी: सांध्याभोवतीचे स्नायू हळूहळू बळकट करायचे. महिने लागतात. अंग ताणण्याचे व्यायाम मात्र विचारूनच.