झाडेल त्याची पायरी

वाड्याच्या सामाईक भिंतीला एका भावाने चुना लावला की दुसरा वकील का गाठतो, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जेरुसलेमच्या होली सेपल्कर चर्चचा कारभार याच धास्तीवर चालतो. येशूचा वधस्तंभ आणि कबर जिथे होती असं मानतात, त्या वास्तूत सहा पंथ नांदतात: ग्रीक ऑर्थोडॉक्स, रोमन कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, सिरियाक आणि इथिओपियन. १८५२ च्या ऑटोमन फर्मानाने जो जिथे होता त्याला तिथेच गोठवलं. तेव्हापासून वहिवाट हाच पुरावा. छत दुरुस्त करील त्याचं छत, खांबावर दिवा टांगील त्याचा खांब. १९०१ मध्ये एक पायरी कुणी झाडायची यावरून ग्रीक आणि कॅथलिकांच्या फ्रान्सिस्कन साधूंची चक्क हाणामारी झाली.

मग इथे डागडुजी होते तरी कशी? निर्णय पहिल्या तीन पंथांच्या हाती. एकट्याने खर्च केला तर हक्क लागू होतो, म्हणून तिघे मिळून खर्च उचलतात. मोठ्या घुमटाच्या आतली सजावट वर्षानुवर्षं रखडली होती, कारण कोणत्या शैलीतले संत काढायचे? अखेर कुठलेच काढले नाहीत. १९९७ मध्ये खुल्या झालेल्या घुमटात फक्त सोनेरी किरण आहेत. मला ही तोड फार आवडते.

कबरीवरच्या छोट्या संगमरवरी वास्तूची, एडिक्यूलची, गोष्ट अधिक कठीण. १८०८ च्या आगीनंतर ती नव्याने बांधली. १९२७ च्या भूकंपाने ती खिळखिळी झाली आणि १९४७ मध्ये ब्रिटिशांनी तिला लोखंडी तुळयांनी आवळून ठेवलं. तात्पुरता म्हणून दिलेला हा आधार सत्तर वर्षं तसाच राहिला! २०१५ मध्ये पोलिसांनी धोकादायक म्हणून ती काही तास बंद केली, तेव्हा कुठे दुरुस्तीचा करार झाला.

काम अथेन्सच्या तांत्रिक विद्यापीठाने केलं. खरा शत्रू होता ओलावा: भाविकांचे श्वास, जोडीला मेणबत्त्यांचा धूर. आतला चुना कुजून बाहेरचे संगमरवरी तक्ते फुगले होते. तक्ते काढून साफ केले, कुजका चुना खरवडला, पोकळीत पातळ चुना भरला आणि टायटॅनियमच्या बोल्टांनी सगळं जखडलं. यात्रा थांबवायची नव्हती, म्हणून बरंचसं काम रात्री चाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये पातळ चुना कबरीत झिरपू नये म्हणून तिच्यावरची फरशी सरकवावी लागली. साठ तास कबर उघडी होती. तिथल्या जुन्या चुन्याचं वय सुमारे इ.स. ३४५ निघालं. मार्च २०१७ मध्ये तुळया उतरल्या. २०२२ पासून चर्चच्या जमिनीच्या फरशीचं काम सुरू झालं, तेही तुकड्यातुकड्याने, म्हणजे प्रार्थना चालू राहावी.

पंथांचं जुळलं नाही तर सरकार दुरुस्ती करतं, असाही रिवाज आहे. तो प्रत्येक वेळी सुखाने पार पडतो असं नाही. छतावरचा देर-अस्-सुलतान हा मठ कॉप्टिक आणि इथिओपियन साधूंच्या वादात आहे. २००२ मध्ये एका कॉप्टिक साधूने खुर्ची सावलीत सरकवली, तेवढ्यावरून मारामारी होऊन अकरा जण इस्पितळात गेले. २०१८ मध्ये इस्रायल सरकारने तिथे डागडुजी काढली, तर ती आम्हीच करणार म्हणून कॉप्टिक साधू दारात बसले. पोलिसांनी त्यांना ओढून बाजूला केलं आणि गवंडी आत गेले.