फुली मारली, तरी होकार

जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूरच्या महा-ई-सेवा केंद्रांत नुसती लगीनघाई. खरीप पीक विम्याची मुदत बहुतेक वर्षी ३१ जुलैच्या आसपास संपते. त्यामुळे सातबारा, आधार, पासबुकाची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन आसपासच्या गावांतली माणसं सकाळपासून येऊन बसतात. लाईट असली तर सर्व्हर चालत नाही, सर्व्हर चालला तर ओटीपी येत नाही. आणि हे सगळं एकदाचं जुळून आलं, की नेमका पडदा निळा होतो : अपडेट चालू आहे, ३० टक्के, कम्प्युटर बंद करू नका. ‘मामा, जरा थांबा, मशीन अपडेटला गेलंय.’ मामा थांबतात. न थांबून जातील कुठे?

असा ताप एकदोनदा झाला की केंद्रचालक कुणाला तरी गाठून अपडेट कायमचं बंद करून घेतो. जाणकाराला हे काम पाच मिनिटांचं. चालकाचा राग शंभर टक्के खरा आहे. उपाय मात्र चुकीच्या जागी पडतो, कारण तो ज्या खोक्याला लाथ मारतो त्यात त्रासही आहे आणि औषधही आहे. दोन्ही एकाच खोक्यात कुणी भरलं, ते आधी पाहू.

मायक्रोसॉफ्टने २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० आणली आणि विंडोज ७ व ८.१ वापरणाऱ्यांना ती वर्षभर फुकट देऊ केली. फुकटच्या वस्तूचाही आग्रह किती करावा, याला मर्यादा असते. त्याआधीच घड्याळाशेजारी एक पांढरं खिडकीचं चिन्ह येऊन बसलं होतं. ते आलं होतं विंडोज अपडेटमधूनच, ‘शिफारस केलेली दुरुस्ती’ असा शिक्का लावून. सप्टेंबर २०१५ मध्ये बोभाटा झाला, की मागितली नसतानाही नवी विंडोज कम्प्युटरवर गुपचूप उतरवून ठेवली जातेय, साडेतीन ते सहा जीबी. जिओ यायला अजून वर्ष होतं. तेव्हा मोबाईलच्या एक जीबी थ्रीजी पॅकला अडीचशेच्या आसपास रुपये पडायचे. डोंगल लावून काम करणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसाला हे ‘फुकट’ हजाराच्या घरात किंवा त्याच्याही वर गेलं असतं.

कळस झाला मे २०१६ मध्ये. ‘तुमचं अपग्रेड अमुक वेळी होणार आहे’ अशी चौकट यायची. कोपऱ्यातली लाल फुली दाबली की चौकट बंद होते, म्हणजेच ‘नको’, हे कम्प्युटर वापरणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांत मुरलेलं. एमएस-सीआयटीच्या वर्गात तेच शिकवतात. पण या चौकटीत फुली दाबली तर ठरलेली वेळ कायम राहायची. रद्द करायचं असेल तर मजकुरात दडलेल्या एका बारीक दुव्यावर टिचकी मारावी लागे. रात्री फुली मारून झोपलेली माणसं सकाळी वेगळ्याच विंडोजसमोर उठली. कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या ट्रॅव्हल एजन्सीच्या मालकीणबाईंचा कम्प्युटर न मागितलेल्या अपग्रेडनंतर निकामी झाला. त्या कोर्टात गेल्या, दहा हजार डॉलरची भरपाई मिळाली आणि कंपनीने अपील मागे घेतलं. त्या वर्षाच्या डिसेंबरात कंपनीचे विपणनप्रमुख क्रिस कॅपोसेला यांनी हे अति झालं, अशी जाहीर कबुली दिली. तोवर फुकटची मुदत संपून पाच महिने झाले होते, हेही नोंदवून ठेवायला हवं.

आता औषधाकडे. कम्प्युटर अपडेटसाठी बंद करून पुन्हा सुरूच का करावा लागतो, हा प्रश्न रास्त आहे. कुठलाही प्रोग्राम चालू झाला की त्याच्या फायली मेमरीत येतात आणि त्या वापरात असेपर्यंत विंडोज मूळ फायलींना कुलूप घालते, म्हणजे चालू असताना कुणी त्यांत फेरफार करू नये. विंडोजच्या स्वतःच्या गाभ्याच्या फायली तर कम्प्युटर सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत वापरातच असतात. चालत्या मळणीयंत्राचा पट्टा बदलता येत नाही, तशातला प्रकार. म्हणून नव्या फायली बाजूला उतरवून ठेवायच्या, कुठली कुणाच्या जागी जाणार याची यादी करायची आणि कम्प्युटर पुन्हा सुरू होताना, जुन्या फायलींना कुणी धरायच्या आत, अदलाबदल उरकायची. निळ्या पडद्यावरचे टक्के मोजतात ते हे काम. याच मिनिटांत लाईट गेली तर अर्ध्या फायली नव्या, अर्ध्या जुन्या. विंडोज मग सगळं मागे फिरवण्याचा प्रयत्न करते, बहुतेकदा जमतंही, पण वेळ दुप्पट जातो. लिनक्सची रीत निराळी आहे. तिथे चालू प्रोग्रामच्या हातात जुनी फाईल राहू देऊन तिच्या नावावर नवी बसवता येते, त्यामुळे पुन्हा सुरू करण्याचे प्रसंग कमी येतात. गाभा बदलायचा असेल तर मात्र सहसा तिथेही सुटका नाही.

अपडेट न करून चालत नाही, ते १२ मे २०१७ ला जगाला कळलं. वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने विंडोजच्या फायली वाटून घेण्याच्या यंत्रणेतल्या भगदाडातून शिरून लाखो कम्प्युटर बंद पाडले. भारतात आंध्र पोलिसांचे कम्प्युटरही सापडले. त्या भगदाडाचं ठिगळ १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी वाटलं गेलं होतं. बळी पडले त्यांत सगळ्यात मोठा भरणा विंडोज ७ चा होता, आणि ‘अपडेट बंद ठेवा’ हा त्या सुमाराला विंडोज ७ वाल्यांना सर्रास मिळणारा सल्ला होता.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या नावाचा व्हायरस आला. त्याचा फटका थेट महाराष्ट्राला बसला. न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या कंपनीकडून चालवलं जाणारं एक टर्मिनल ठप्प झालं, कंटेनरचा हिशेब हाताने करायची वेळ आली. मर्स्कला जगभरातले ४५ हजार कम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. गंमत अशी, आणि ही गंमत फार कडू आहे, की नॉटपेट्या पहिल्यांदा शिरला तो अपडेटच्याच दारातून. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरचा अपडेट सर्व्हर हल्लेखोरांनी काबीज केला होता. ज्यांनी इमानेइतबारे अपडेट घेतलं, त्यांनी व्हायरसही घेतला. असा दगा होऊ नये म्हणून विंडोजच्या प्रत्येक अपडेटवर कंपनीची डिजिटल सही असते आणि ती जुळली तरच कम्प्युटर ते आत घेतो. पण २०१२ मध्ये सापडलेल्या फ्लेम या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने मायक्रोसॉफ्टच्या सहीचीही नक्कल करून दाखवली होती, जुनाट गणिती पद्धतीतली फट वापरून.

नुकसान व्हायला दगाबाजीची गरजच असते असंही नाही. ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज १० च्या मोठ्या अपडेटने काही जणांच्या डॉक्युमेंट्समधल्या फायली पुसून टाकल्या. कंपनीला ते चारपाच दिवसांत मागे घ्यावं लागलं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं आडवी केली आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तेव्हा अपडेटला घाबरणारा माणूस अडाणी आहे, असं मी तरी म्हणणार नाही. नांदेड-लातूरकडे लग्नपत्रिका छापणाऱ्या कुणाच्या दुकानात पानं मांडायचं पेजमेकर आणि मराठी फाँटचं श्रीलिपी यांवर चालणारा जुना कम्प्युटर अजून दिसला, तर त्याला नेट जोडलेलंच नसणं हे शहाणपणाचं आहे. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. नव्या विंडोजवर ते कधी दगा देईल, सांगता येत नाही. त्या कम्प्युटरला धोका उरतो तो गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हचा.

खोक्यातली तिसरी वस्तू म्हणजे माहितीची उचल. पूर्वी विंडोज ७ वर हव्या त्या दुरुस्त्या एकेक निवडून घेता यायच्या, नको ती बाजूला ठेवता यायची. ऑक्टोबर २०१६ पासून त्याही महिन्याच्या महिन्याला एकत्र बांधून येऊ लागल्या. विंडोज १० वर तर निवड पहिल्यापासूनच नव्हती. जुलै २०१९ मध्ये विंडोज ७ साठी आलेल्या ‘फक्त सुरक्षा’ असं नाव असलेल्या गठ्ठ्यातही कम्प्युटरची पाहणी करून कंपनीला कळवणारा भाग निघाला. विश्वास उडतो तो अशा ठिकाणी.

ही पाहणी नेमकी काय कळवते? दोन पातळ्या आहेत. ‘आवश्यक’ पातळीवर कम्प्युटरचं मॉडेल, मेमरी, ड्रायव्हरच्या आवृत्त्या, अपडेट यशस्वी झालं की नाही, असा मजकूर जातो. तो पूर्ण बंद करण्याची सोय घरगुती विंडोजवर नाही. ‘ऐच्छिक’ पातळीवर एज ब्राउझरमधून कुठल्या साइट पाहिल्या, कुठलं सॉफ्टवेअर किती वापरलं, हेही जातं. त्यातली एक गोष्ट महा-ई-सेवा केंद्राने नीट समजून घ्यावी अशी आहे. एखादा प्रोग्राम कोसळला तर त्या क्षणी मेमरीत जे काही होतं त्याचं चित्र बिघाडाच्या अहवालासोबत जाऊ शकतं, आणि उघड्या फायलीचे तुकडे त्यात नकळत येऊ शकतात, हे मायक्रोसॉफ्टच्याच माहितीपत्रकात लिहिलंय. केंद्राच्या पडद्यावर त्या क्षणी कुणाचं तरी आधार उघडलेलं असतं. ज्याचं आधार आहे, त्याने कुठल्याही चौकटीत ‘हो’ म्हटलेलं नसतं. ‘हो’ म्हटलं चालकाने, तेही विंडोज टाकताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत.

फ्रान्सच्या सीएनआयएल या माहितीरक्षण संस्थेने जुलै २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टला विंडोज १० च्या याच हावरटपणावर नोटीस बजावली, तीन महिन्यांची मुदत दिली. वर्षभरात कंपनीने मूळ (आजच्या ‘आवश्यक’) पातळीवरची उचल जवळपास निम्मी केली. म्हणजे निम्मी माहिती नसतानाही विंडोज चालत होती.

एक कडू गोष्ट मात्र आपल्या घरचीही आहे. अमेरिकेला काय गेलं याची चिंता करण्याआधी केंद्रातल्या कम्प्युटरचं डाऊनलोड्सचं फोल्डर उघडून पाहावं. छापून झालेली ई-आधारची पीडीएफ महिनोन्‌महिने तिथेच पडून असतात. त्यांचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, आणि नाव तर बऱ्याचदा फायलीलाच दिलेलं. अपडेट बंद केलेल्या कम्प्युटरवर हे फोल्डर असणं, याहून सोपी शिकार चोराला दुसरी नको.

चालकाला करता येण्याजोगं बरंच आहे, आणि त्याला पाच मिनिटांहून थोडाच जास्त वेळ लागतो. अपडेट ‘पॉज’ करून ठेवण्याची सोय घरगुती विंडोजवरही २०१९ पासून आहे. ‘अॅक्टिव्ह अवर्स’मध्ये दुकानाची वेळ टाकली तर त्या वेळात मशीन आपोआप पुन्हा सुरू होत नाही. मोबाईलच्या हॉटस्पॉटला ‘मीटर्ड’ अशी खूण केली की मोठी अपडेट बहुतांशी थांबून राहतात. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये ‘डायग्नोस्टिक्स’खाली ऐच्छिक माहिती आणि ‘टेलर्ड एक्स्पिरियन्सेस’ बंद करता येतात. तिथेच ‘डायग्नोस्टिक डेटा व्ह्यूअर’ची सोय आहे, आपल्या मशीनवरून काय गेलं ते त्यात दिसतं. मजकूर वाचवत नाही इतका किचकट आहे, पण एकदा तरी उघडून पाहावा.

कायदा मागून येतोय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’चे १३ प्रकार निषिद्ध ठरवले. ग्राहकाच्या सारखं मागे लागणं आणि बटणांच्या मांडणीने त्याला चकवणं, हे दोन्ही त्यांत आहेत. लाल फुलीची ती चौकट दोन्हींत चपखल बसली असती. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात तर संमती मुक्त, नेमकी, माहितीपूर्ण आणि विनाअट हवी, असं म्हटलंय. शिवाय संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यायचा आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य बंधनं लागू होण्यासाठी कंपन्यांना त्यापुढे १८ महिने दिलेत.

दरम्यान १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही चिप आणि साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. सेकंड हँड घेतलेला चौथ्या पिढीचा आय-थ्री त्यात बसत नाही. अशांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-दुरुस्त्या देऊ केल्या आहेत. त्यात नवं काही नाही, मागे लागणं नाही, फक्त ठिगळं. म्हणजे सुरक्षा वेगळी काढून देता येते, हे कंपनीनेच दाखवून दिलं. किंमत ३० डॉलर, किंवा कंपनीचे हजार रिवॉर्ड पॉइंट, किंवा फुकट हवं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या खात्यात आपल्या सेटिंगचा बॅकअप ठेवायचा. युरोपात युरोकन्झ्युमर्स या ग्राहक संघटनेने या अटीवर बोट ठेवलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने तिथल्यापुरती बॅकअपची अट काढली. खातं मात्र तिथेही लागतंच. भारतात अट तशीच आहे. आपल्याकडे मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून ग्राहकांसाठी भांडते आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत ग्राहक आयोग आहेत. बॅकअपशिवाय फक्त ठिगळं अर्धापूरलाही मिळावीत, एवढी एका ओळीची मागणी करणारं पत्र महाराष्ट्रातून जायला हरकत नाही.