दहा जूनची आठवण, शाळेची तयारी

जून लागला की घराघरांत एकच धांदल. वह्यांना कव्हरं, गणवेश, रेनकोट, डब्याची पिशवी. माझ्याकडेही तेच चाललंय. या गडबडीत १० जून ही तारीख मात्र कुणाच्या ध्यानात नसते. मैत्रिणींनो, १८९० साली याच दिवशी मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांची रविवारची सुट्टी मान्य केली!

ही काही मेहेरबानी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे त्यासाठी सहा वर्षं झुंजले. १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन गेलं. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, अशा साध्या मागण्या. पुढे २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलायला उभ्या राहिल्या. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

तुम्ही म्हणाल, याचा शाळेशी काय संबंध? संबंध असा की, शाळा उघडण्याआधीचा रविवार आपण सत्कारणी लावू शकतो. सोमवारी सकाळी कुणाला सवड असते?

आमच्या चौकात सकाळी सातला बघावं. स्कूटीवर पुढे एक लेकरू उभं, मागे दोन, आईच्या डोक्याला नुसती ओढणी, हेल्मेट डिकीत! त्यात पहिल्या पावसानं रस्ता निसरडा झालेला. म्हणून रविवारीच ब्रेक, टायर, दिवे तपासून घ्या. दुचाकीवर चालवणाऱ्याच्या मागे एकच जण, हा कायदा आहे. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे. त्याहून लहान बाळाला हेल्मेट आणि चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. आणि ‘क्लासला उशीर होतो’ म्हणून विनापरवाना मुलाच्या हाती किल्ली देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकांना २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मुलं रिक्षानं जात असतील, तर चौघी-पाचजणी मिळून रिक्षावाल्या काकांशी बोला. किती मुलं बसवता? दप्तरं बाहेर लटकतात का? उजव्या बाजूला आडवा दांडा आहे का? एकटीचं बोलणं ‘बघू’वर जातं, पाचजणींचं ऐकावंच लागतं. मात्र दोन मुलं कमी बसवली की काकांची कमाई घटणार. तेही कष्टकरीच. ती तूट आपण सगळ्यांनी वाटून घ्यायला हवी. महिन्याला थोडे पैसे जास्त गेले, तरी आपल्या लेकरापेक्षा ते मोठे नाहीत.

आणि हो, या रविवारी पोहे घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी करू द्या. सुट्टी आपलीही आहे की!